तिसरं बाक

ही माझी परीक्षा आहे, असं मला कुणीही सांगितलं नव्हतं. "आई, रविवारी बाहेर जाऊ या. दरी बघू या, जरा मोकळी हवा मिळेल तुला," एवढंच थोरली म्हणाली होती. पण माझी थोरली आणि मोकळी हवा? ती शाळेत पर्यवेक्षिका आहे, उगाच फिरायला जाणं तिच्या रक्तात नाही. शिवाय तिचा आवाज असा की ती भावाशी फोनवर बोलायला लागली की मध्ये फोन कशाला, असं वाटावं. माझ्याच स्वयंपाकघरात उभी राहून, नळ सोडून ती बोलत होती. तिला वाटलं, पाण्याच्या आवाजात मला ऐकू जात नाही. मला सगळं ऐकू गेलं.

"सपाट वाट आहे रे. चाकाच्या खुर्चीवरची माणसंसुद्धा जातात तिथे. तेवढं जाऊन ती परत आली, कुठे न बसता, कुणाला न धरता, तर मी तोंड उघडणार नाही. राहू दे तिला एकटीला. पण नाही जमलं, तर सरळ माझ्याकडे. मग तू तिची बाजू घ्यायची नाहीस."

पलीकडून माझा धाकटा काय म्हणाला ते कळलं नाही. थोरली म्हणाली, "हां, मग ठरलं." म्हणजे तोही कबूल झाला होता. माझ्या पायांवर दोघांनी पैज लावली आणि माझ्या पायांना विचारलंसुद्धा नाही.

हे सगळं कशावरून, तर मी पडले म्हणून. माणसं पडतात. मी स्टुलावर चढून माळ्यावरचं अस्तराच्या कापडाचं गाठोडं काढत होते, स्टूल हललं, गाठोडं आणि मी दोघंही खाली आलो. गाठोड्याला काही झालं नाही. माझं डावं मनगट मोडलं. प्लॅस्टर बसलं, प्लॅस्टर निघालं, हात चालायला लागला आणि मी परत मशीनवर बसले. माझ्या दृष्टीने विषय संपला होता. थोरलीच्या दृष्टीने तो तिथे सुरू झाला.

मी पँटी शिवते. शर्ट घेत नाही, कोट घेत नाही, फक्त पँट. नटबोल्टच्या दुकानावर माझ्या दोन खोल्या आहेत, बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी मशीन, मागे कापायचं टेबल, दाराशी आरसा. गिऱ्हाईक खालून रस्त्यावरून हाक मारतं, "झाली का हो?" आणि मी मशीन न थांबवता ओरडते, "वर या, घालून बघा!" जिना चढायचा कंटाळा असणारं गिऱ्हाईक मला नकोच आहे. उभ्या माणसाला पँट कुणीही शिवून देईल, बसलेल्या माणसाला ती काचली नाही तर खरी. म्हणून मी प्रत्येकाला आरशासमोर उभं करते आणि मग स्टुलावर बसवते. तेच ते स्टूल.

थोरलीने तिच्या घरी माझ्यासाठी खोली तयार करून ठेवली होती. तळमजल्यावर, न्हाणीघरात धरायला दांडे, जमिनीवर न घसरणारी चटई. खिडकीला पडदे, तेही बाजारातून आणलेले, आयते शिवलेले, खालची पट्टी वाकडी. मी विचारलं, "मशीन कुठे ठेवायचं?" तर म्हणाली, "आई, आता किती शिवणार आहेस तू!" झालं. त्या दिवशी मी ठरवलं की या खोलीत माझं पाऊल पडणार नाही.

ती वाईट नाही, हेही सांगून टाकते. मी पडले तेव्हा ती रात्रंदिवस माझ्याजवळ होती, मला केस विंचरता येईनात तर रोज विंचरून द्यायची. माया आहे, पोटातून आहे. पण ती माया हातात पट्टी घेऊनच येते, त्याला मी काय करू?

परीक्षा आहे म्हटल्यावर मी अभ्यास केला. सकाळी दुकान उघडायच्या आधी जिना उतरायचा, चढायचा, पुन्हा उतरायचा. एकदा नटबोल्टवाला लवकर आला. दोनदा मला खाली-वर करताना बघून म्हणाला, "काकू, काही हरवलंय का?" मी म्हटलं, "हो, वय." बिचारा खरंच जिन्यावर वाकून बघायला लागला.

रविवारी थोरलीची गाडी आली. मी पुढे बसले. वाटेत बटणला घ्यायचं होतं. बटण म्हणजे माझा धाकटा. रांगत असताना त्याने कापायच्या टेबलाखालचं बटण गिळलं आणि तीन दिवस घरादाराचा जीव टांगणीला लावला. तेव्हापासून तो बटण. आता चाळिशी उलटली, लिफ्ट दुरुस्त करतो, हाताखाली माणसं आहेत, तरी बटणच. बायको त्याच्यापासून वेगळी झाली, भांडण नाही, तंटा नाही, दोघंही माझ्याशी अजून बोलतात. तो एकटाच राहतो, सातव्या मजल्यावर. त्याच्या इमारतीची लिफ्ट कधी बंद नसते, एवढा एक फायदा.

तो खाली आला तर अंगात जाडजूड जॅकेट. एवढी थंडी नव्हती. मी म्हटलं, "हे काय, बर्फात निघालायस का?" तो हसला आणि मागे बसला. बऱ्याच दिवसांनी भेटत होता. मी पडले तेव्हा एकदा धावत आला होता, त्यानंतर नुसते फोन, काम आहे, काम आहे. मला राग होता थोडा. पण फोनवर दर वेळी तो थोरलीला सांगायचा, "आई ठणठणीत आहे, तिला तिच्या घरातून हलवू नको." माझा एकुलता एक वकील. त्यामुळे राग मी गिळला.

वाट रस्त्याला लागूनच सुरू होते. गाडी लावायची, उतरायचं, की समोर फलक, "सर्वांसाठी सुगम वाट." पायरी एकही नाही. सिमेंटचा गुळगुळीत पट्टा, एका बाजूला कठडा, कडेला पिवळी रेघ, मध्ये मध्ये माहितीचे फलक आणि मध्ये मध्ये बाकं. जाताना किंचित उतार, येताना तेवढाच चढ. तान्ह्या बाळाची गाडी ढकलत एक जोडपं चाललं होतं. खरं सांगायचं तर मला थोडं अपमानासारखं वाटलं. परीक्षा घ्यायचीच तर जरा बरी घ्यायची.

"आई, सावकाश. घाई नाही," थोरली म्हणाली. ती माझ्या अर्धं पाऊल मागे, दोन्ही हात थोडे पसरून चालत होती, जणू मी आत्ता कोसळेन आणि ती झेलेल.

"हात खाली घे. लोकांना वाटेल कोंबडी पकडतेयस."

बटण हसला. थोरलीने हात खाली घेतले, पण जागा सोडली नाही.

एवढ्यात मागून आवाज आला, "आजी, डावीकडून येतोय!" मी बाजूला झाले न झाले तोच चाकाच्या खुर्चीवरचा एक माणूस सुसाट पुढे गेला. दंड असे की शिवायला कापड पुरायचं नाही. मी मागून ओरडले, "आजी कुणाला म्हणतोस रे?" त्याने मान न वळवता हात हलवला. पुढच्या वळणावर दिसेनासा झाला.

पहिलं बाक आलं. "बसायचंय का?" थोरलीने विचारलं, अगदी सहज, जणू चहा हवा का विचारावं. मी म्हटलं, "छान बाक आहे. तू बस हवं तर." ती बसली नाही. मी तर ढुंकूनही पाहिलं नाही.

आता बटणची गंमत सांगते. पहिला माहितीचा फलक आला आणि तो थांबला. थांबला आणि मोठ्याने वाचायला लागला. खडक कसे तयार झाले, लाव्हा कसा थंड झाला, थरावर थर कसे बसले. ज्याने शाळेत भूगोलाच्या पुस्तकाला कव्हर घालण्यापलीकडे हात लावला नाही, तो मुलगा एकेक ओळ सावकाश, तोंड भरून वाचत होता. मी कठड्याला टेकले नाही, पण पाय तेवढे मोकळे झाले. दुसरा फलक आला, पक्षी. तोही पूर्ण वाचला, चोचीच्या रंगासकट.

"अरे, काय चालवलंयस?" थोरली म्हणाली. "येताना वाच ना!"

"आईला ऐकायचंय," तो म्हणाला. "हो ना गं, आई?"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मेला मला कॉपी पुरवत होता! न बसता, न धरता जायचं, असं ठरलेलं, पण फलकापुढे उभं राहायला कुणी मनाई केली होती? मला दम खायला मिळावा म्हणून हा पक्षी वाचतोय. माझा ऊर भरून आला. मी म्हटलं, "वाच, वाच. चोचीचं पुन्हा एकदा वाच." आणि त्याने खरोखर पुन्हा वाचलं. थोरली कपाळाला हात लावून दरीकडे तोंड करून उभी राहिली.

दुसऱ्या बाकापाशी माझा उजवा गुडघा बोलायला लागला होता. बाक झाडाखाली होतं, सावली मस्त, पाठीला टेका. मी त्याच्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं. तिसरं बाक अगदी शेवटच्या वळणावर, तिथून समोर नुसतं आकाश दिसत होतं. तिथे थोरलीने विचारलंच नाही. नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी एक गाणं गुणगुणायला लागले, आणि गात गात बाकाच्या पुढे गेले.

आणि पोचलो.

दरीबद्दल मी काय सांगू? मी आयुष्य सुईच्या नाकावर काढलंय, एवढं लांब बघायची माझ्या डोळ्यांना सवय नाही. खाली खूप खोल नदी, बारीक. पलीकडे सरळ कापलेला डोंगर, त्याच्या अंगावरून ढगाची सावली हळूहळू सरकत होती. शेतांचे तुकडे, त्यांच्यामधून एक रस्ता आणि रस्त्यावर एक बस, ती चालतेय की उभी आहे तेही कळू नये इतकी लहान. वारा तोंडावर येत होता. मी तिथे दोन पायांवर, कुणाचा हात न धरता उभी होते. मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने म्हटलं, "आहे की नाही?"

काय आहे की नाही, ते कुणी विचारलं नाही. थोरलीला कळलं होतं. तिने माझा फोटो काढला, फोन खिशात टाकला आणि म्हणाली, "बरं. अर्धं झालं." पण तिचा चेहरा सैल झाला होता. कठडा एके ठिकाणी बसलेल्या माणसाच्या नजरेला आड येऊ नये म्हणून खाली केला होता, आणि तिथे तो खुर्चीवाला फळ खात बसला होता. थोरली त्याच्याशी बोलायला गेली. खुर्ची कुठून घेतली, चाकं कशी आहेत, सगळी चौकशी. माझ्यासाठी नसावी, अशी मी आशा केली.

मी बटणकडे वळले. म्हणणार होते, शाब्बास माझ्या वकिला. तो कठड्याला दोन्ही हातांनी धरून, माझ्याकडे पाठ करून उभा होता. वाऱ्याने त्याचं जॅकेट मागून वर उडालं.

पँट माझ्या हातची होती. राखाडी, मागच्या वर्षी शिवलेली. त्याची कंबर मला माझ्या फोन नंबरापेक्षा पक्की पाठ आहे. आणि ती पँट पट्ट्याखाली चुण्या पडून गोळा झाली होती, मागे मुठीत मावेल एवढं जास्तीचं कापड. पट्ट्याला खिळ्याने पाडलेली नवी भोकं, ओबडधोबड. एक नाही, ओळीने. म्हणजे एका महिन्याचं काम नव्हे हे, हळूहळू उतरत गेलेलं अंग होतं. मी जवळ गेले. कानाच्या मागे घाम, एवढ्या वाऱ्यात. ओठ पांढरे. श्वास आत घेताना खांदे वर जात होते.

"बटण, काय होतंय?"

"काही नाही गं. उंची. उंचीवर जरा गरगरतं."

लिफ्टच्या खड्ड्यात दोरीवर लटकून ग्रीस लावणारा माणूस, आणि म्हणे उंचीवर गरगरतं! आणि मग मागे वळून पाहिलं तर वाट दिसली, एकामागून एक उभे असलेले फलक दिसले, आणि ते खडक आणि ते पक्षी आठवले. तो मला दम खाऊ देत नव्हता. तो स्वतः दम खात होता. दुसऱ्या फलकाची चोच मी त्याला दुसऱ्यांदा वाचायला लावली होती, आणि त्याला तेवढंच बरं वाटलं असणार.

"चला!" थोरलीने हाक मारली. "ऊन वाढायच्या आत."

परत निघालो. आता चढ होता. चढ म्हणजे काय, घरातल्या उंबऱ्याएवढाही नाही, पण पाठीला कळत होता. थोरली आता माझ्या मागे नव्हती. ती पुढे चालली होती, झपाझप, मोकळे हात हलवत. याचा अर्थ तिने मला पास केलं होतं. माझं घर माझं राहिलं होतं. खिडकी, मशीन, खालची हाक, सगळं. फक्त गाडीपर्यंत चालत जायचं होतं, आणि ते मला सहज जमणार होतं. गुडघा कुरकुरत होता, पण गुडघ्याचं कोण ऐकतं?

माझ्या कानात मात्र बटणचा श्वास येत होता. जुन्या मशीनचा पट्टा सैल झाला की येतो तसा, दर फेऱ्याला अडकणारा.

"ताई, थांब जरा," तो म्हणाला. "हा नदीचा फलक राहिला."

"अरे, वाचलास की मघाशी!" ती हसत म्हणाली आणि थांबली नाही.

समोर तिसरं बाक होतं. बटणने बाकाकडे पाहिलं. मग ताईच्या पाठीकडे पाहिलं. मग जॅकेटची चेन वरपर्यंत ओढली आणि चालायला लागला. मला कळलं, हा बसणार नाही. बसला तर ती वळेल, विचारेल, हाडं मोजेल. हा मरेल पण बसणार नाही. अगदी माझ्यावर गेलाय, मेला.

मला माझी खिडकी दिसली. खोटं कशाला बोलू, पोराच्या आधी खिडकीच दिसली. सकाळचं ऊन मशीनच्या चाकावर येतं ते. मला वाटलं, तीन वळणं तर आहेत, जाईल तो, इतका आला तसा जाईल, आणि मग घरी पोचल्यावर मी त्याला एकट्याला गाठीन. मी दोन पावलं तशीच पुढे टाकलीसुद्धा. मग त्याचा श्वास अडकला, आणि सुटायला फार वेळ लागला.

मी मागे वळले आणि बाकावर बसले.

"अगं बाई गं!" मी मोठ्याने म्हटलं. "दम लागला मला."

बटण चमकून माझ्याकडे धावला, म्हणजे धावल्यासारखं केलं. "आई! काय करतेस? ऊठ. ती बघायच्या आत ऊठ. अगं, जिंकली होतीस तू!"

"बस."

"आई, ऊठ ना, थोडंच राहिलंय..."

"बस म्हणते ना मेल्या! म्हाताऱ्या आईशेजारी बसायला लाज वाटते का?"

तो बसला. बसला म्हणजे खाली आलाच. डोकं मागे टेकलं, डोळे मिटले, तोंड उघडं. मी त्याच्या छातीवर हात ठेवला तर जॅकेटच्या आत नुसती धडधड. पुढे थोरली वळली होती, आमच्याकडे बघून परत यायला लागली होती. वेळ फार नव्हता.

"कधीपासून?" मी विचारलं.

"झाले काही महिने." तो डोळे न उघडता बोलत होता. "हृदयाची झडप नीट मिटत नाहीये. ऑपरेशन आहे, पुढच्या महिन्यात. साधं असतं म्हणतात."

"साधं असतं तर लपवलंस का?"

"तुझं आधी मिटू दे म्हटलं. माझं कळलं असतं तर ताईने दोघांना एकाच दमात उचललं असतं. मग तुझ्या बाजूने कोण बोललं असतं?"

मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. मी त्याच्या दंडाला चिमटा काढला, तर चिमटीत सगळं जॅकेटच आलं. "आणि ऑपरेशन झाल्यावर घरी कोण? पाणी कोण देणार?"

"बघू काहीतरी."

"ताईला सांगायचं. ऑपरेशनच्या आधी. मी सांगेन, माझ्या पद्धतीने. आज गप्प बस आणि मी बोलते त्याला हो म्हण."

थोरली पोचली. ती माझ्यासमोर उकिडवी बसली, माझी नाडी बघितली, कपाळाला हात लावला. "चक्कर आली? छातीत दुखतंय? डाव्या हाताला मुंग्या?" तिने विचारलेलं सगळं माझ्या शेजारी बसलं होतं.

"नाही गं. दम लागला. नाही जमलं."

मला वाटलं, आता ती म्हणेल, मी सांगत नव्हते? तिने तसं काही म्हटलं नाही. तिने माझा हात हातात घेतला, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आई, खरं सांगू? मला वाटत होतं तुला जमेल. मघाशी इथून गाणं म्हणत गेलीस ना, तेव्हा मी म्हटलं, जाऊ दे बाई, राहू दे हिला."

हे फार लागलं मला. ती नापास करायला आली असती तर सोपं गेलं असतं. क्षणभर वाटलं, सगळं सांगून टाकावं, उठून नाचून दाखवावं. पण शेजारी बटणचा श्वास आता कुठे जागेवर येत होता.

"ठरलं तसं करू या," मी म्हटलं. "मी घर सोडते."

"तुला माहीत होतं?"

"बाई, तुझा आवाज! खालच्या नटबोल्टवाल्यालासुद्धा माहीत होतं."

ती ओशाळली. नाक पुसलं आणि लगेच तिच्यातली पर्यवेक्षिका उभी राहिली. "ठीक आहे. खोली तयारच आहे. पुढच्या रविवारी..."

"तुझ्याकडे नाही. बटणकडे जाणार मी."

"काय?" दोघं एकदम म्हणाले. मी बटणला कोपर मारलं.

"याच्याकडे? आई, हा एकटा माणूस! दिवसभर बाहेर. याच्या फ्रीजमध्ये बर्फाशिवाय काही नसतं. सातवा मजला!"

"लिफ्ट आहे."

"लिफ्ट आहे म्हणून? अगं, तुझ्याकडे बघणार कोण?"

मी बटणकडे पाहिलं. तो सरळ होऊन बसला. बोलताना दोनदा थांबला, पण बोलला. "मी सुट्टी घेतोय, ताई. पुढच्या महिन्यापासून. बरीच मोठी. घरीच असेन."

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. त्याने जन्मात कधी कुणासाठी सुट्टी घेतली नव्हती, स्वतःच्या लग्नालासुद्धा अर्धा दिवस. थोरलीने त्याच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "शहाणा झालास रे." बटणने मान खाली घातली. त्याला शिवी दिली असती तर बरी वाटली असती.

"पण एक आहे," मी म्हटलं. "आधी मशीन जाणार. मग मी. खिडकीपाशी जागा करायची."

"सातव्या मजल्यावर कोण गिऱ्हाईक हाक मारणार आहे तुला?"

"एक आहे," मी म्हटलं. "त्याच्या सगळ्या पँटी कमरेत आत घ्यायच्या आहेत. पुष्कळ काम आहे. आणि पुढे परत सैल करायच्या आहेत, तेही मीच करणार."

थोरलीला कळलं नाही. तिने विचारलंही नाही, ती गाडी वाटेच्या तोंडाशी आणता येईल का ते बघायला निघून गेली. आम्ही दोघं पुरेसा वेळ बसलो. नंतर उठलो. दुसऱ्या बाकावर बसलो, पहिल्यावरही बसलो. आता लाज कुणाची? खुर्चीवाला मागून आला, आमच्यापाशी थांबला आणि म्हणाला, "काय आजी, दमलात?" मी म्हटलं, "दमले रे बाबा." या वेळी त्याला काही बोलले नाही.

गाडीत थोरलीने माझ्यासाठी पुढचं दार उघडलं. मी म्हटलं, मी मागे बसते, पाय पसरता येतात. बटण माझ्या शेजारी बसला. गाडी सुरू झाली, वळण आलं, दरी एकदा खिडकीतून दिसली आणि गेली. बटणने माझा हात धरला. त्याची बोटं गार होती. मी ती माझ्या दोन्ही हातांत घेतली, मोडलेल्या मनगटाच्या हातातही, आणि मांडीवर ठेवली.

थोरलीला ते आरशात दिसलं. "हां, नीट धरून ठेव रे तिला," ती म्हणाली. "वळणं आहेत पुढे."

"धरलंय गं," मी म्हटलं.